गाळून टाकलेलं वारं

नोकरीतले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. राग गिळला की ते आपोआप साठतात, असं माझं मत झालंय. जे त्या-त्या वेळी तोंडावर बोलून टाकलं, त्याचा किस्सा होत नाही. मी सहा वर्षांत इतकं गिळलंय की मैत्रिणी घरी आल्या की चहा दोनदा होतो आणि माझं सांगणं संपत नाही.

मी आदिलाबादजवळ एका सोलर प्लांटात डेटा ऑपरेटर आहे. बेल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला जिथं आधी नुसता कापूस होता, तिथं आता काचेच्या पॅनलच्या रांगाच रांगा आहेत. आमच्याकडं काम करणाऱ्या बायका त्यांना प्लेटा म्हणतात. उद्या दर पंधरा मिनिटांत किती वीज होणार हे आम्हाला आजच सांगावं लागतं. म्हणजे उद्याचं ऊन, उद्याचे ढग, उद्याचं वारं, सगळं आज सांगायचं. हे सांगतं एक मॉडेल. मॉडेल पुण्यात असतं, आशुतोष सरांच्या कॉम्प्युटरमध्ये. आम्ही इथून आकडे पाठवतो, सर ते साफ करतात आणि मॉडेलला शिकवतात. जे आकडे मॉडेलला पटत नाहीत त्यांना सरांकडं एकच शब्द आहे. नॉइज.

मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. नॉइज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. निसर्गातलं जे आपल्याला अजून समजलेलं नाही, ते नॉइज. सरांच्या लेखी मात्र नॉइज म्हणजे आदिलाबादेत जे काही घडतं ते.

*

नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. ऊन मोजायचं एक यंत्र आमच्याकडं खांबावर बसवलंय. वर अर्ध्या लिंबाएवढी काचेची घुमटी. रोज सकाळी आठच्या सुमारास एक कावळा येऊन त्या घुमटीवर बसायचा. बसला की यंत्राला अंधार. आकाश स्वच्छ, प्लेटांवर लख्ख ऊन, आणि आमच्या स्क्रीनवर सूर्य मावळलेला.

असं काही झालं की फॉर्म भरायचा असतो. कारण लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. ढग, धूळ, यंत्रदोष, वायर तुटली, अज्ञात. यादीत कावळा नव्हता. मी रोज 'अज्ञात' निवडायचे आणि खाली शेऱ्यात लिहायचे, 'कावळा बसला.' शेरे पुण्याला जातच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

तीन-चार महिन्यांनी पुण्याहून मेल आला. आदिलाबाद साइटवर सकाळच्या वेळी एक अनाकलनीय स्थानिक हवामान-घटना आढळून आली आहे, तिचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी एक इंजिनियर आला. त्यानं सोबत नवंकोरं दुसरं यंत्र आणलं होतं. पहिल्या खांबाशेजारी दुसरा खांब रोवला, वर दुसरी घुमटी बसवली आणि लॉजवर जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कावळे आले.

मी इंजिनियरला बाहेर नेऊन बोटानं दाखवलं. त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, मेरा काम सिर्फ दोनों मशीन का मिलान करना है."

रिपोर्टात त्यानं लिहिलं, 'दोन्ही यंत्रांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतात. घटना खरी आहे.'

*

आदिलाबादची थंडी ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. डिसेंबरात सकाळी आम्ही स्वेटर, वर शाल, कानाला स्कार्फ अशा अवतारात ऑफिसात बसतो. पण आमचं मॉडेल शिकलं होतं कुठल्यातरी वाळवंटातल्या प्लांटच्या आकड्यांवर. त्याला धुकं म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. ते रोज सांगायचं, आठ वाजता ऊन, नऊ वाजता भरपूर ऊन. आणि आमच्याकडं दहापर्यंत शेजारची रांग दिसायची नाही.

एका सकाळी सरांनी व्हिडिओ कॉल लावला. अंदाज रोज का चुकतोय, यावर बोलायचं होतं.

"तुमचा कॅमेरा धूसर आहे," सर म्हणाले. "पुसा जरा."

मी स्कार्फनं पुसला.

"अजून धूसर आहे."

आमचा शिफ्ट इंजिनियर सत्यम, मंचेरियलचा, तेलुगू माणूस, कामात पक्का. त्यानं चष्म्याचं फडकं आणून पुसला. तरी सरांचं तेच. शेवटी मी लॅपटॉप उचलला, दार उघडलं आणि बाहेर धरला.

"सर, कॅमेरा स्वच्छ आहे. हे धुकं आहे."

सरांनी विचारलं, "हे रोज असतं?"

"थंडीत बहुतेक रोज."

"मग डेटामध्ये का नाही आलं?"

"यादीत धुकं नाहीये सर. म्हणून मी 'ढग' निवडते."

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "तुम्ही दोन वर्षं चुकीचा डेटा भरताय."

त्या महिन्याच्या मीटिंगच्या टिपणात एक ओळ होती, 'साइट ऑपरेटरला प्रशिक्षणाची गरज.' यादीत धुकं अजून आलेलं नाही.

*

कौसाबाईंबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. प्लेटा धुणाऱ्या दहा-बारा बायका आहेत, जवळच्याच एका गावच्या. कौसाबाई त्यांची मुकादम. पन्नाशीची बाई, उंच, आवाज खणखणीत. याच जमिनीवर तिनं आयुष्यभर कापूस वेचला आणि आता याच जमिनीवर काच पुसते. मी तिला मावशी म्हणते.

प्लेटेवर धूळ किती बसली हे मॉडेल हिशोबानं सांगायचं. रोज इतकी बसते, म्हणून इतक्या दिवसांनी धुवा. पण आमची धूळ अशी शिस्तीनं बसत नाही. कापसाचे ट्रक सुरू झाले की रस्त्याकडच्या रांगा तासाभरात मळतात. कापूस संपला की शेतातली वाळलेली पऱ्हाटी उपटून जाळतात, त्याची राख ज्या दिवशी जिकडं वारं तिकडं. कौसाबाई सकाळी रांगेच्या टोकाला जायची, काचेवरून एक बोट फिरवायची, बोट पाहायची आणि सांगायची. "ही धुवा लागते." नाहीतर, "हिले काई नाई झालं, राहू द्या."

मी ते एका वहीत लिहायला लागले. कोणत्या दिवशी, कोणत्या रांगेला कौसाबाई काय म्हणाली आणि त्या रांगेनं त्या दिवशी किती वीज दिली. पूर्ण एक हंगाम लिहिलं. कौसाबाईचं बोट मॉडेलपेक्षा बरोबर होतं, एकदा-दोनदा नाही, जवळजवळ दरवेळी. मी सगळं टाइप करून पुण्याला पाठवलं. सरांचं उत्तर आलं, "इंटरेस्टिंग. बघतो."

पुढच्या वर्षी सरांच्या एका भाषणाचा व्हिडिओ आम्हा सगळ्यांना पाठवला गेला. सर स्टेजवर उभे, मागं मोठा पडदा, विषय होता धुळीचा अंदाज घेणारी नवी पद्धत. त्यात माझ्या वहीतले दिवस होते, रांगा होत्या, आकडे होते. मी नव्हते. कौसाबाई मात्र होती. शेवटच्या स्लाइडवर ती आणि तिच्या बायका वायपर घेऊन हसताना दिसत होत्या. खाली लिहिलं होतं, 'लाभार्थी महिला.'

दुपारी शेडमध्ये मी तो फोटो मोबाइलवर कौसाबाईला दाखवला.

"फोटो बरा आला," ती म्हणाली. "खाली काय लिवलं?"

"लाभार्थी."

"मंजे?"

"म्हणजे ज्यांना फायदा झाला त्या."

कौसाबाईनं घास हातात धरूनच विचार केला. थट्टा म्हणून नाही, खरोखर विचार केला. मग बाकीच्या बायकांकडं वळून विचारलं, "काय वो, आपल्याले कोनता फायदा झाला वो?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कोणाला काही आठवेना. शेवटी तिची धाकटी जाऊ रुख्मा म्हणाली, "मांगच्या सालात टोप्या भेटल्या होत्या."

"त्या तर वापस घेतल्या," कौसाबाई म्हणाली आणि घास तोंडात टाकला.

*

आता सत्यमची गोष्ट. तेलुगूत वाऱ्याला 'गाली' म्हणतात. हिंदीत गाली म्हणजे काय ते सांगायला नको. आम्हाला सवय आहे. आमच्याकडं मराठी, तेलुगू, हिंदी एकाच वाक्यात येतात आणि कोणाचं काही अडत नाही.

रोजच्या कामाची नोंद सत्यम टाइप करतो. इंग्रजीत लिहितो, पण घाईत असला की एखादा शब्द आपल्या भाषेतला पडतो. त्या उन्हाळ्यात दुपारचं वारं सुटायला लागलं होतं. सत्यमनं नोंद केली, 'तीन ते चार खूप गाली. काम बंद. बायका शेडमध्ये.' आठवड्यानं पुन्हा, 'पश्चिमेकडून जोरदार गाली. काम बंद.' महिन्यात अशा चार नोंदी.

महिनाअखेरीस हेडऑफिसच्या एचआरचा फोन आला. बाई हिंदीत बोलत होत्या, फार गंभीर.

"आपकी साइट पर महिलाओं के साथ गाली-गलौज हो रही है. रेकॉर्ड में है. चार बार काम रुका है. गाली कौन देता है?"

सत्यम घाबरून गेला. त्याला आधी प्रश्नच कळेना. मग माझ्याकडं पाहत म्हणाला, "मॅडम, पश्चिमेकडून येतं ना?"

मी फोन घेऊन समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे, पण प्रकरण नोंदवलं गेलंय, आता प्रक्रिया पूर्ण करावी लागेल. मग एका दुपारी सगळं काम थांबवून आम्हाला सभ्य भाषा कशी वापरावी याचा व्हिडिओ दाखवला. सत्यम पहिल्या रांगेत. कौसाबाई आणि तिच्या बायकाही होत्या. शेवटी सगळ्यांनी सह्या, अंगठे केले.

माझा राग त्या व्हिडिओवर नाही. व्हिडिओ दाखवला त्या खोलीत एसी होता, बायकांनी डुलकी काढली. माझा राग वेगळाच आहे. एका महिन्यात चारदा काम थांबवावं लागेल इतकं वारं आलं, ही गोष्ट रेकॉर्डवर होती. हेडऑफिसनं ती वाचली, फोन केला, चौकशी केली, फाइल बंद केली. वाऱ्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

*

ते वारं कसं असतं ते सांगते. एप्रिल-मेमध्ये सकाळ स्वच्छ असते, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा. आणि मग एखाद्या दिवशी पैनगंगेच्या अंगानं वारं सुटतं, ते धुळीची भिंत घेऊनच येतं. सगळा खेळ पाच-सात मिनिटांचा.

आमच्या रांगा सूर्यामागं फिरतात. तिरप्या असताना असं वारं खालून शिरलं तर लोखंड पिळवटतं. म्हणून वारं येण्याआधी भोंगा वाजवायचा आणि सगळ्या रांगा आडव्या करायच्या. आम्ही त्याला झोपवणं म्हणतो. भोंगा ऐकला की बायका रांगांमधून निघून शेडमध्ये येतात. कधी झोपवायचं हे मॉडेल सांगतं. आणि मॉडेल बघतं दहा मिनिटांची सरासरी. एका मिनिटाचा झपाटा त्या सरासरीत विरघळून जातो. त्यातूनही एखादा आकडा फार वर गेलाच, तर सरांची गाळणी तो काढून टाकते. नॉइज.

एका दुपारी मॉडेल गप्प होतं. कौसाबाई वायपर खांद्यावर टाकून माझ्या खिडकीशी आली.

"पोरी, प्लेटा झोपव. वारं येऊन राह्यलं."

मी बाहेर डोकावले. आकाश कोरं. "कुठं मावशी?"

"येऊन राह्यलं मनलं ना."

मी भोंगा वाजवला. रांगा आडव्या झाल्या, बायका शेडमध्ये आल्या. वारं आलं, पण आमच्यावर नाही. आम्ही शेडमधून पाहत होतो, उत्तरेकडून धुळीचा लोट गेला, पलीकडच्या वावरातल्या गोठ्याचे पत्रे उडाले आणि आमच्या इथं पानसुद्धा हललं नाही. कौसाबाई म्हणाली, "बाजूनं गेलं." बास.

तासभर वीज कमी झाली, म्हणून मला मेमो आला. 'मॉडेलची शिफारस नसताना एका अकुशल कामगाराच्या सांगण्यावरून.' अकुशल हा शब्द मी तीनदा वाचला.

मेमो घरी नेला. माझे बाबा मंडल ऑफिसात कारकून होते, आता रिटायर आहेत. आजोबा लोकांच्या वावरात राबले, बाबांनी लेखणी धरली, आणि ऑफिसचा कागद कसा वाचायचा हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"ह्यात सवाल नाही," बाबा म्हणाले. "फैसला करूनच पाठवलंय. तू जवाब दे. जे झालं ते लिही. माफीनामा देऊ नको."

मी माफीनामा दिला. नोकरी टिकवायची होती. हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

*

दोन आठवड्यांनी, तीच वेळ. कौसाबाई खिडकीशी आली आणि तेच म्हणाली.

"पोरी, वारं येऊन राह्यलं. जोराचं हाये."

माझा हात बटणाकडं गेला आणि थांबला. "थांबा मावशी," मी म्हणाले, "सरांना विचारते."

कौसाबाई वळून बायकांना हाका मारत रांगांकडं पळाली.

मी फोन लावला. सर मीटिंगमध्ये होते. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"मॉडेल काय म्हणतंय?" सरांनी विचारलं.

"काही नाही म्हणत. पण सर, कौसाबाई..."

"मग झालं तर."

सत्यम दारातून ओरडला, "मॅडम, गाली!"

मी भोंगा वाजवला. भोंगा आणि वारं एकदमच आलं. रांगा आडव्या व्हायला वेळ लागतो, त्या अर्ध्या वळल्या होत्या. धुळीत काही दिसेना, नुसता लोखंडाचा करकर आवाज. बऱ्याच बायका कौसाबाईच्या हाकांनी आधीच निघाल्या होत्या. रुख्मा सगळ्यात लांब, पश्चिमेच्या शेवटच्या रांगेत होती. ती पळत असताना एक प्लेट निसटून आली आणि तिच्या हातावर बसली.

वारं थांबल्यावर आम्ही धावलो. रुख्मा जमिनीवर बसली होती. हात जिथं वळायला नको तिथं वळला होता. कौसाबाईनं वायपरची काठी मोडली, हाताला लावली आणि आपल्या पदरानं बांधली. जीपमधून आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. रुख्मा रडत नव्हती. सारखी म्हणत होती, "बाई, काच माह्याच्यानं नाई फुटली. मी काई नाई केलं." कोणीतरी प्लेटेची भरपाई मागेल याची तिला धास्ती होती.

कौसाबाई जीपमध्ये माझ्या समोर बसली होती. पूर्ण रस्ता ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या.

*

आठवड्यानं पुण्याहून अपघाताचा अहवाल आला. 'कारण: यादृच्छिक नैसर्गिक घटना.' सोबत त्या दुपारचा वाऱ्याचा आलेख होता. मी तो नीट पाहिला. रुख्माचा हात मोडला त्या मिनिटाला आलेखात सुखद वाऱ्याची झुळूक होती.

आमच्या इथल्या यंत्रात न गाळलेले आकडे असतात. मी ते काढले, त्या मिनिटाचा आकडा लाल केला आणि पाठवला. सरांचं उत्तर लगेच आलं, "हा एकच पॉइंट आहे. आउटलायर. यावरून निष्कर्ष काढता येत नाही." आउटलायर म्हणजे बाकीच्या आकड्यांत न बसणारा, एकटा लांब पडलेला आकडा.

मी उत्तर लिहिलं. बाबा शेजारी बसले होते, पण त्यांना विचारलं नाही. एकच ओळ लिहिली आणि हेडऑफिसपासून एचआरपर्यंत जेवढे पत्ते माझ्याकडं होते तेवढे सगळे टाकले.

'सर, हा आउटलायर सध्या प्लास्टरमध्ये आहे.'

मी पाठवल्यानंतर बाबांनी वाचलं. म्हणाले, "आता झाला जवाब."

*

त्या ओळीमुळं आशुतोष सर स्वतः आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. चाळिशीचा माणूस, स्वच्छ शर्ट, बोलायला मऊ. हेडऑफिसनं त्यांना चौकशी करायला सांगितलं होतं. आदल्या दिवशीच त्यांनी निरोप ठेवला होता की सगळ्या बायका हजर पाहिजेत. रुख्माही आली, प्लास्टरमधला हात गळ्यातल्या झोळीत अडकवून. शेडमध्ये एकच खुर्ची होती, तिच्यावर कौसाबाईनं तिला बसवलं. सर उभे राहिले.

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कौसाबाईला विचारलं, "मावशी, वारा येणार हे तुम्हाला कसं कळतं? नेमकं काय दिसतं? आकाशाचा रंग, पक्षी, वास, जे काही असेल ते सांगा. मी ते मॉडेलमध्ये घालतो. पुन्हा असं होणार नाही."

मला वाटतं ते मनापासून बोलत होते. निदान त्या वेळी तरी.

कौसाबाई म्हणाली, "असं सांगता येत नाई जी. पाहा लागते."

"मग दाखवा."

"चाला."

ती त्यांना पश्चिमेच्या शेवटच्या रांगेपाशी घेऊन गेली. ती वाकलेली रांग अजून तशीच होती. सकाळचे अकरा वाजले असतील, मे महिना. आम्ही शेडमधून पाहत होतो. तिनं त्यांना नदीकडं तोंड करून उभं केलं.

"इकडं पाहत राहा जी. डोळे हालवू नका. बोलू नका. ते मशीन बंद करा."

सरांनी लॅपटॉप मिटला. कौसाबाई शेडमध्ये परत आली आणि सावलीत बसली.

बारा वाजले. सर उभे होते. बायकांनी डबे उघडले. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. मला एक भाकर दिली. सत्यमला दिली. रुख्माला डाव्या हातानं जेवता येत नव्हतं, तिला कौसाबाई घास भरवत होती.

एक वाजता सरांनी मान वळवून विचारलं, "आलं का?"

"नाई अजून," कौसाबाई तिथूनच म्हणाली.

मी पाण्याची बाटली घेऊन उठले. मी जाऊन सरांना पाणी दिलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद झाला होता. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा नदीकडं तोंड केलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांची थोडी कीव आली. मी परत येऊन बसले.

दोन वाजले. तीन वाजले. ते मधेच एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचे. एकदा रुमाल डोक्यावर टाकला. एकदा खाली बसणार तेवढ्यात कौसाबाईनं आवाज दिला, "उभं राहा जी. बसल्यावर दिसत नाई." ते उभे राहिले.

चार वाजून गेले. समोर नुसता उन्हाचा झगमगाट, पैनगंगेकडची झाडं जागच्या जागी. बायकांची सुट्टी व्हायची वेळ झाली. सर सावकाश चालत शेडपाशी आले. ओठ सुकले होते. ते म्हणाले, "आज काहीच आलं नाही."

"आज नवतंच येनार," कौसाबाई म्हणाली. ती डबे एकात एक बसवत होती. "सकाऊनच मालूम होतं."

सर म्हणाले, "मग मला..."

कौसाबाईनं पिशवीची गाठ मारली, रुख्माच्या पाठीला हात लावून तिला खुर्चीवरून उठवलं आणि म्हणाली, "चाल वो, आटो आला."